व्हेल बघायला जायचंय? मग मिरिसा, मालवण की चिलिका ते आधी ठरवा

दिवाळी झाली की आमच्या कॉलेजात झुऑलॉजीच्या पोरापोरींचं एकच सुरू होतं, मॅडम यावर्षी फिल्ड कोर्सला कुठे जायचं, आणि त्यातही दरवर्षी दोन-तीन जण असे निघतात ज्यांना व्हेलच बघायचा असतो, बाकी काही दाखवा नका दाखवू. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे मानधन कधी येईल त्याचा भरवसा नाही पण व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न मात्र रात्री अकरालाही येऊन राहिले असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. तिन्ही ठिकाणी मी स्वतः बोटीत बसलेय. मालवणला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी, मिरिसाला म्हणजे श्रीलंकेत एमएस्सीला असताना, आणि चिलिकाला म्हणजे ओडिशात, मागच्या हिवाळ्यात आमची पोरं घेऊन. कुठे किती उलट्या झाल्या तेही सांगते.

उलटीवरून आठवलं, घरी व्हेल म्हटलं की आमच्या बाबांना फक्त पेपरातली बातमी आठवते, व्हेल माशाची उलटी पकडली, किंमत अमुक कोटी. मी श्रीलंकेला जाते म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच, ते उलटीचं काही लफडं नाही ना बेटा. त्यांना समजावलं की ती खरं तर उलटीही नसते, स्पर्म व्हेल माखूळ-नळ म्हणजे स्क्विड खातो, त्यांच्या चोची पचत नाहीत, त्याभोवती आतड्यात तो मेणासारखा गोळा तयार होतो, आणि आपल्याकडे तो जवळ ठेवणं न् विकणं दोन्ही गुन्हा आहे. त्यांनी ऐकून घेतलं न् म्हणाले, सापडला तर हात लावू नको.

आता मुद्द्यावर. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल-सिंदेवाहीच्या पट्ट्यात, आम्ही ढिवर, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावात डोंगा चालवत लहानाचे मोठे झालो. समुद्र म्हणजे कोकण असं आपल्या डोक्यात फिट बसलंय, कारण पुस्तकात महाराष्ट्राचा किनारा तोच. पण नकाशा उघडून बघा. आपल्या तलावाचं पाणी जातं वैनगंगेत, वैनगंगा न् वर्धा मिळून होते प्राणहिता, ती गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. सरळ रेषेत मोजलं तर चंद्रपूर-गडचिरोलीला पूर्वेचा किनारा अरबी समुद्रापेक्षा बराच जवळ पडतो. हे मला मालवणला जाऊन आल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर रेल्वेत मोडलेले दोन दिवस वाचले असते.

मालवणपासूनच सुरू करते, कारण बहुतेक कॉलेजं तिकडेच नेतात. नागपूरहून मडगावला जाणारी गाडी आहे पण रोज नाही, तिचं रिझर्वेशन मिळालं तर थेट कुडाळला उतरता येतं, नाही तर मुंबई गाठा, तिथून कोकण रेल्वे पकडा, आणि पोचेपर्यंत चिवडा संपलेला असतो. आमची चार दिवसांची ट्रिप होती, बोटीवर एकूण दोन फेऱ्या, प्रत्येकी दीड तास. सकाळी तारकर्लीहून निघालो. बोटवाले काका डॉल्फिनला गादा म्हणत होते. पाठीवर उंचवटा न् त्यावर छोटासा पर, म्हणून हंपबॅक डॉल्फिन, हा प्राणी किनारा सोडून फार आत जात नाही, उथळ पाण्यातच राहतो, त्यामुळे दिसण्याचा चान्स चांगला असतो. दोन्ही फेऱ्यांत दिसले. पण दिसले म्हणजे काय, पाठ वर आली, गेली, शंभर-दीडशे मीटरवर पुन्हा आली, आणि तोवर सहा-सात टुरिस्ट बोटी तिकडे धावल्या, आम्हीही धावलो, आणि मग कोणालाच काही दिसलं नाही.

मालवणात व्हेल दिसेल का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. प्रामाणिक उत्तर असं की आहेत, पण तुमच्या दीड तासाच्या बोटीला दिसायचे नाहीत. 2015 मध्ये कुणकेश्वरच्या बाजूला संशोधकांना ब्लू व्हेल दिसले होते, ब्रायडीज व्हेलही त्या समुद्रात आहेत, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, दोर बांधून खोल पाण्यात नेलं तरी वाचलं नाही, ते व्हिडिओ तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरले. पण आपल्या पश्चिम किनाऱ्याला उथळ पाण्याचा पट्टा फार रुंद आहे, मोठ्या व्हेलला लागणारं खोल पाणी खूप बाहेर आहे. तिथवर जाऊन संध्याकाळी परत येणं टुरिस्ट बोटीचं काम नाही.

मग मालवणला काहून जावं? खडकाळ किनाऱ्यासाठी जावं. ओहोटीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांच्या डबक्यांत जे दोन तास बसलो ते अख्ख्या ट्रिपमधलं बेस्ट होतं, समुद्री काकडी, बार्नेकल, खेकडे, पुस्तकातले सगळे फायलम, म्हणजे प्राण्यांचे मोठे गट, एका टोपलीत. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, 29 चौरस किलोमीटरचं, प्रवाळ आहे, खारफुटी आहे, मासळी बाजारात गेलं की अर्धं टॅक्सॉनॉमी प्रॅक्टिकल तिथेच होतं. जेवणाबद्दल सगळे विचारतात म्हणून, सुरमई चांगली असते, पण आमच्या मरळीच्या रश्श्याची सर नाही, यावर मी वाद घालणार नाही.

आता मिरिसा. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळचं गाव, आणि व्हेलसाठी जगभरातून लोक तिथे का येतात त्याचं कारण भूगोल आहे. डोंड्रा हेड म्हणून टोक आहे, तिथे समुद्राचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, म्हणजे मालवणच्या नेमकं उलट. सकाळी साडेसहाला बोट सुटते आणि तासा-दीड तासात तुम्ही ब्लू व्हेलच्या पाण्यात असता. सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, मेपासून तिकडचा समुद्र खवळतो, मग लोक पूर्वेला त्रिंकोमालीला जातात.

ब्लू व्हेल थंड पाण्यातच पोट भरतो असं आधी मानायचे. 2003 मध्ये आशा डी व्हॉस ही श्रीलंकेचीच मुलगी एका संशोधन जहाजावर होती, तिला तिथल्या कोमट पाण्यात ब्लू व्हेलचा घोळका दिसला आणि पाण्यावर तांबूस रंगाची विष्ठा तरंगताना दिसली. विष्ठा आहे म्हणजे इथेच खाऊन राहिले. एवढ्या एका गोष्टीवरून तिचं पुढचं काम उभं राहिलं, आज ती समुद्री जीवशास्त्रातलं मोठं नाव आहे, ओशनस्वेल नावाची संस्था चालवते. आम्हालाही तिसऱ्या दिवशी तो तांबडा पट्टा दिसला. आमच्या ग्रुपमधल्या पुण्याच्या मुलीने नाक मुरडलं, मी म्हटलं अगं शेणखत आहे ते समुद्राचं, त्यातल्या लोहावर वरचे सूक्ष्म शैवाल वाढतात, तर आमच्या कोर्सच्या मॅडम हसल्या न् म्हणाल्या, गावाकडच्यांना हा चॅप्टर शिकवावाच लागत नाही.

व्हेल दिसतो कसा ते सांगते, कारण व्हिडिओ बघून सगळ्यांना वाटतं की तो उडी मारणार. ब्लू व्हेल सहसा उडी मारत नाही. आधी लांब कुठेतरी पांढरा उभा फवारा दिसतो, वाफेसारखा. बोट वळते. मग पाठ दिसते, निळसर-राखाडी, आणि ती सरकत राहते, सरकत राहते, संपतच नाही, एसटीच्या दोन बसा एकामागे एक लावल्या तर जेवढ्या होतील तेवढा तो लांब, आणि शेवटी अगदी मागे एवढासा पर. आठ-दहा वेळा श्वास घेतो, मग पाठ कमानीसारखी वाकवतो आणि तिथले व्हेल बरेचदा शेपूट पूर्ण वर काढून डुबकी मारतात. त्यानंतर दहा-बारा मिनिटं काही नाही. जिथे तो गेला तिथे पाणी तेल सांडल्यासारखं गुळगुळीत गोल होतं न् थोडा वेळ तसंच राहतं. शेपटीच्या फटक्याने होतं ते. आमच्या मॅडम त्याला फूटप्रिंट म्हणाल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं की अरे हे तर आपल्याला येतं. ताडोब्यात गाईड पगमार्क दाखवतो, कॉल ऐकतो, मग जिप्सी कुठे लावायची ते ठरवतो, इथेही तेच, फूटप्रिंटची दिशा बघा, डुबकीची वेळ घड्याळात धरा, तो पुढे कुठे निघेल त्याचा अंदाज बांधा. तिसऱ्या दिवशी माझा अंदाज दोनदा बरोबर आला. मुंबईच्या पोरांना येत नव्हता, लिहायला हरकत नाही.

आणि ताडोब्याचा दुसरा नियमही तिथे लागू आहे. वाघ निघाला की वीस जिप्सी, व्हेल निघाला की दहा बोटी. कायद्याने शंभर मीटर अंतर ठेवायचं असतं. पहिल्या दिवशी आमची बोट त्याच्या आत गेली, मॅडमनी सांगूनही बोटवाला ऐकेना, कारण वरच्या डेकवर बाकीचे टुरिस्ट क्लोजर क्लोजर करून ओरडत होते. व्हेलने दोनच श्वास घेतले न् गेला. म्हणजे आपल्यामुळे त्याचा श्वास अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी फक्त आमच्या ग्रुपसाठी लहान बोट ठरवली, तिने लांब थांबून इंजिन जवळपास बंद केलं, आणि त्याच जातीच्या प्राण्याने आमच्यासमोर आरामात नऊ श्वास घेतले, मी मोजले, कागदावर लिहिलेत. मोठी बोट की लहान बोट हा प्रश्न असेल तर माझं मत लहान बोट. हां, मोठीला वरचा डेक असतो तिथून लांबचा फवारा आधी दिसतो, आणि टॉयलेट असतं, हे मुलींनी नक्की विचारात घ्यावं, चार-पाच तासांचा मामला आहे. पण वरचा डेक हलतोही जास्त.

ज्या पाण्यात व्हेल पोट भरतात त्याच पाण्यातून जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक जातो. क्षितिजावर कंटेनरची जहाजं एकामागोमाग एक, मालगाडीसारखी, आणि मध्ये हा प्राणी श्वास घ्यायला वर येऊन राहिला. धडकून मरतात ते. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने 2022 पासून आपली जहाजं साधारण 15 नॉटिकल मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, पण मार्ग अधिकृतपणे हलवणं वेगळं. आपल्याकडे गोंदिया-बल्लारशा लाइनवर वाघ रेल्वेखाली येतात, तोच प्रश्न, फक्त रूळ दिसत नाहीत.

खर्चाचं सांगायचं तर मला तेव्हा नऊ दिवसांचे विमानासकट 55 हजारच्या आसपास लागले. त्यातले अर्धे बाबांनी सोसायटीकडून उचलले, अर्धे माझ्या ट्यूशनचे. पासपोर्ट नव्हता, तो काढण्यात दीड महिना गेला, पोलीस व्हेरिफिकेशनला बाबा दोनदा ठाण्यात जाऊन आले. श्रीलंकेला जायचं तर प्रवेशाची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते ते वेगळं. हे सगळं ज्याला झेपतं त्याने जावं. कर्ज काढून जाऊ नये, निदान पहिल्या खेपेला तरी नाही.

चिलिकाला मी जाताना थोडी नाक मुरडूनच गेले होते. व्हेल बघून आलेल्या बाईला डॉल्फिनचं काय कौतुक. मूलहून पॅसेंजरने गोंदिया, गोंदियाहून पुरीची गाडी, रात्र गाडीत, पुरीहून 50 किलोमीटर सातपाडा, जीपने. माणशी पाच दिवसांचे सगळे मिळून साडेसहा हजार पडले, स्लीपर क्लास न् धर्मशाळा धरून. चिलिका म्हणजे खाऱ्या-गोड्या पाण्याचं प्रचंड सरोवर, 1981 पासून रामसर यादीत आहे, 2000 साली समुद्राकडे नवीन तोंड खोदलं तेव्हापासून खारं पाणी परत नीट येऊ लागलं न् मासळी सुधारली. इथे इरावती डॉल्फिन राहतो. चोच नाही, गोल डोकं, टक्कल पडलेल्या माणसासारखं, पर अगदी छोटा. अख्ख्या सरोवरात दीडशेच्या आसपासच आहेत आणि जगभरात ही जात धोक्यात आहे.

पाणी शांत. कमरेएवढं तर कधी डोक्याएवढं खोल. आमच्या अकरा पोरापोरींपैकी एकालाही उलटी झाली नाही. आणि मुख्य म्हणजे बोटीचे तास. स्थानिक लांब दांड्याच्या इंजिनची बोट दिवसभरासाठी ठरवता आली, रोज पाच-सहा तास पाण्यावर, तीन दिवस, म्हणजे मालवणला अख्ख्या ट्रिपमध्ये जेवढा वेळ बोटीवर मिळाला त्याच्या पाचपट. इंजिन बंद करून थांबलं की त्यांचा श्वास ऐकू येतो, फुस्स, सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडल्यासारखा. एक डॉल्फिन असा होता ज्याच्या परावर मागून खाच होती, बहुतेक बोटीच्या पंख्याची. पहिल्या दिवशी सकाळी दिसला, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच चॅनेलमध्ये, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा आमची एक मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, ती ओरडली, मॅडम तोच तो, कापलेला! फोटो-आयडी म्हणजे काय, फोटोतल्या खुणेवरून एकच प्राणी पुन्हा कसा ओळखायचा, हे मी तिला दोन वर्षं फळ्यावर शिकवून राहिले होते.

हीच माझी खरी तुलना आहे. मिरिसाला प्राणी मोठा पण प्रत्येक खेपेला नवीन, पाच दिवसांत एकही व्हेल आम्हाला दुसऱ्यांदा ओळखता आला नाही, कारण ओळखायला शेपटीचा चांगला फोटो लागतो न् तो आमच्या कॅमेऱ्यांना झेपला नाही. मालवणला प्राणी मिळतो, वेळ मिळत नाही. चिलिकाला प्राणी लहान, मोजके आणि त्याच त्या जागी, त्यामुळे मोजणी, वागणूक, वेळेची नोंद, बोट जवळ आल्यावर डुबकी लांबते का, हे सगळं पोरं स्वतः करू शकतात आणि परत येऊन प्रोजेक्ट लिहिता येतो. वर हिवाळ्यात पक्षी फुकट. आमच्या तलावावर येणारा पट्टकादंब तिथे बघून पोरं अशी खूश झाली जशी गावातली ओळख भेटली.

कोर्स निवडताना अजून एक. मिरिसाच्या आधी एका कोर्सला मी फसले होते, नाव लिहीत नाही, जाहिरातीत व्हेल रिसर्च लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात एक बोट राइड, चार पीपीटी आणि सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट. तेव्हापासून पैसे भरायच्या आधी मी फोन करून विचारते की बोटीवर एकूण किती तास, एका शिक्षकामागे किती पोरं, बोट फक्त आपली की टुरिस्टांसोबत, समुद्र खराब असेल तर दिवस बदलून देता का, आणि नोंदी आम्हाला घरी नेता येतात का. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला की समजून जा.

तर सेकंड इयर-थर्ड इयरवाल्यांनी, समुद्र कधीच बघितला नसेल त्यांनी, चिलिका करावं, डिसेंबर-जानेवारीत. ज्यांना पुढे किनाऱ्याचे प्राणी, खेकडे-शिंपले यात काम करायचंय त्यांनी मालवण, पण ओहोटीच्या वेळा बघून तारखा ठरवा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि डॉल्फिन राइड बोनस समजा. मिरिसा दुसऱ्या खेपेला, एमएस्सीत, जेव्हा डेटा शीट भरायची सवय हाताला लागलेली असेल. आणि ज्याला फक्त आयुष्यात एकदा व्हेल बघायचाय, शिकायचं वगैरे नाही, त्याने सरळ पैसे जमवून मिरिसाला जावं, मी अडवणार नाही, ती पाठ सरकताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं आहे, चिलिकाला नाही आलं.

उलट्यांचा हिशोब राहिला. मालवण एक, मिरिसा पहिल्याच दिवशी चार, चिलिका शून्य. डोंग्यात वाढले म्हणून मी फुशारकीने गोळी घेतली नव्हती. तलाव हलत नाही, समुद्र हलतो. डॉक्टरला विचारून एव्होमिन बोटीत बसायच्या तासभर आधी घ्या, नंतर नाही, नंतर ती पण बाहेर येते. तळलेलं खाऊन जाऊ नका, क्षितिजाकडे बघत बसा, मोबाईलमध्ये नाही. नोंदी पेन्सिलने करा, माझं पहिल्या दिवसाचं अख्खं पान जेल पेनमुळे पुसून गेलं, वर फक्त वेळ उरली आहे, सात वाजून बावीस मिनिटं.